उंच उडी : उंची सारखीच, तरी दुसरा नंबर. खालच्या उंचीला पास घ्यावा (ती न मारता सोडावी) का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, उंच उडी खेळलेल्या किंवा शिकवणाऱ्या कुणीतरी प्लीज सांगा.

माझी लेक १४ वर्षांची आहे, उंच उडी मारते. गेल्या आठवड्यात तिने आणि दुसऱ्या एका मुलीने १.४५ मीटर पहिल्याच प्रयत्नात मारली, १.४८ ला दोघींनी तीनदा बार पाडला. पण लेकीचा एक क्रॉस (फसलेला प्रयत्न) १.२५ ला होता, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, तिच्यासाठी सोप्या उंचीला! अंग वर गेलं होतं, फक्त टाच लागली, बार हलत राहिला आणि ती मॅटवर पडून वर बघत असतानाच खाली आला. त्या एका क्रॉसमुळे ती दुसरी.

नियम मला कळलाय. आधी शेवटच्या पार केलेल्या उंचीवर कुणाचे क्रॉस कमी ते बघतात, तिथेही सारखं असेल तर त्या उंचीपर्यंतचे सगळे क्रॉस मोजतात, त्याच्या वरचे धरत नाहीत. २०२५ च्या नानजिंगच्या जागतिक इनडोअरलाही निकोला ओलिस्लागर्स आणि एलेनॉर पॅटरसन दोघींची १.९७ च होती, गोल्ड काउंटबॅकवर, म्हणजे याच क्रॉस मोजायच्या नियमावर, ओलिस्लागर्सला गेलं. आणि आउटडोअरला २.१० चा वर्ल्ड रेकॉर्ड असलेली युक्रेनची यारोस्लावा माहुचिख तिथे १.९५ वर ब्राँझला राहिली, म्हणजे त्या दिवशी बार कसा पार केला यावरच सगळं. लेकीला हे दाखवलं तेव्हा कुठे तिचं रडू थांबलं. आता ओलिस्लागर्ससारखी तीही प्रत्येक उडीनंतर वहीत स्वतःला मार्क लिहिते, १.२५ पुढे तिने तीन लिहिलेत, मला ते बघवलं नाही.

आता प्रश्न. १.२५ पास करून थेट १.३५ ला सुरुवात केली तर खालचे क्रॉस लागायचा धोकाच नाही, पायही ताजे राहतील. पण पहिल्याच उंचीला तीनदा बार पडला तर काहीच निकाल नाही, आणि ती पहिल्या उडीला नेहमी घाबरते, रनअपच्या वळणावर पावलं लहान होतात. मला वाटतं या वयात खालून सुरू केलेलंच बरं, तिचं म्हणणं उलट आहे.

तुम्ही सुरुवातीची उंची कशी ठरवता, बेस्टपेक्षा किती खाली? आणि एक क्रॉस पडल्यावर पास घेऊन उरलेले दोन प्रयत्न वरच्या उंचीला वापरायचे, हे एवढ्या लहान मुलीला शिकवावं का? पुढची स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे.