मते न बदलता एकत्र राहण्याचा कोणाला अनुभव आहे का?

प्रश्न – नाइलाजाने सचिव

पुण्याच्या उपनगरातील आमच्या सोसायटीत ६४ सदनिका आहेत आणि त्यांत तीन मुसलमान व दोन ख्रिस्ती कुटुंबे राहतात. मागच्या निवडणुकीत व्हॉट्सअ‍ॅप गटावर इतकी हमरीतुमरी झाली की समितीने राजकारण आणि धर्म या दोन्ही विषयांवर बंदी घातली. गट शांत झाला खरा, पण वर्षानुवर्षे एकमेकांकडे फराळाची ताटे पाठवणारी माणसे आता लिफ्टमध्ये मोबाइलमध्ये डोके खुपसून उभी राहतात, म्हणून ती शांतता मला मानवत नाही. त्यातच एका सभासदाने रमजानमधील एका संध्याकाळी इफ्तारसाठी सभागृह मागितले आहे, आणि गणपतीला दहा दिवस तेच सभागृह विनाशुल्क दिले जात असल्यामुळे नकार द्यावा कसा आणि होकार दिला तर उठणारे वादळ शमवावे कसे, हे समजत नाही. कोणालाही आपले मत सोडायला न लावता माणसे एकत्र आल्याची उदाहरणे माहीत असतील तर कृपया सांगावीत. 'सर्व धर्म सारखेच' या धर्तीची भाषणे आमच्याकडे पुरेशी झाली आहेत.

प्रतिसाद – मागावरचा

माझे बालपण भिवंडीत गेले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेले हे गाव डिसेंबर १९९२ मध्ये, शेजारची मुंबई पेटलेली असताना, शांत राहिले. त्याचे बरेचसे श्रेय १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांना दिले जाते. प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुसलमान सभासद निम्मे-निम्मे असत, आणि बड्या अधिकाऱ्यापेक्षा त्या वस्तीत रोज फिरणाऱ्या पोलीस शिपायाला तिथे अधिक महत्त्व होते.

वडील या बैठकांना जात, आणि घरी येऊन जे सांगत त्यात धर्माचा उल्लेख क्वचितच असे. तुंबलेले गटार, न येणारे पाणी, भाडेकरूंची भांडणे, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मागांचा खडखडाट, असेच विषय असत. पोट सर्वांचे यंत्रमागावर असल्यामुळे गाव शांत राहिले असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. सूत व्यापारी, मागमालक आणि कामगार १९८४ मध्येही एकमेकांवर तितकेच अवलंबून होते. नवीन गोष्ट एवढीच होती की अफवा उठली तर पलीकडच्या मोहल्ल्यात नेमके कोणाचे दार ठोठवायचे हे वडिलांना ठाऊक झाले होते, आणि ते दार त्यांनी भांडणाच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेले नव्हते.

प्रतिसाद – फडताळातली कात्रणे

भिवंडीत पाठीशी पोलीस खाते होते. सोसायटीच्या सचिवामागे फार तर सुरक्षारक्षक असतो. म्हणून राजकीय मतभेदांपुरते दुसरे उदाहरण देतो. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि तीत कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ आणि हिंदुमहासभा असे एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे पक्ष होते. १९४२ च्या लढ्यात समाजवादी भूमिगत होऊन लढत असताना कम्युनिस्टांनी त्या लढ्याला विरोध केला होता, आणि ही जखम चौदा वर्षांत बुजलेली नव्हती. तरीही समाजवादी एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे एका व्यासपीठावर बसले, कारण मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य ही एकच मागणी समितीपुढे होती. १ मे १९६० रोजी राज्य आले आणि ही मंडळी आपापल्या वाटेने गेली. या फाटाफुटीला अपयश म्हणण्याची पद्धत आहे. मला मात्र काम संपल्यावर पांगता येणे हाच त्या एकीचा गुण वाटतो. तुम्हीही सर्व सभासदांची मने जुळवू नका. पाण्याच्या टँकरचा खर्च घ्या आणि परस्परांशी न बोलणाऱ्या दोघांना त्या एका कामावर नेमा.

प्रतिसाद – कृष्णाकाठ

आमच्या घरी ईद असते, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या, तेव्हा राज्यातील अनेक गावांतील मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचे ठरवले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या, तर मुंबईतील जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. आमच्या सांगली जिल्ह्यातील गोटखिंडीत गणपती मशिदीतच बसतो. या सर्वांचे कौतुक होते, आणि माझ्या पुतण्याचा प्रश्न असतो की दर वेळी आपणच का सरकायचे.

त्याला मी जे सांगतो तेच येथे सांगतो. कुर्बानीला शरियतनेच तीन दिवसांची मुभा दिलेली आहे, तर एकादशीची तिथी हलत नाही. ज्याच्याकडे सवड आहे त्याने सरकावे, यात हार-जीत नाही. मात्र हाच न्याय उलट बाजूनेही लागला पाहिजे. इफ्तार सूर्यास्तालाच होतो, तो रात्री नऊ वाजता ठेवता येत नाही. त्या संध्याकाळी तुमच्या सभागृहात जे काही चालते, ते हलवता येण्यासारखे आहे का, हे आधी पाहा.

नाइलाजाने सचिव

सर्वांचे आभार. त्या वेळी सभागृहात टेबल टेनिस चालते, आणि ते खेळणारे चौघेही आपली वेळ बदलायला तयार आहेत. त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. सभागृह गणपतीच्याच अटींवर, म्हणजे विनाशुल्क आणि साफसफाई वापरणाऱ्यांनी करायची या बोलीवर, द्यावे असा ठराव पुढच्या सभेत मांडत आहे. टँकरसाठी दोन नावेही डोळ्यांसमोर आहेत, परंतु त्यांपैकी एकाने मला गटावर ब्लॉक केलेले असल्यामुळे त्याच्या दारावर प्रत्यक्षच जावे लागेल.