मुदत तारखेत नको, दिवसांत द्यावी

घरून काम करणाऱ्याने प्रत्येक कामाच्या अंदाजात दोन दिवस जास्तीचे धरले की ग्राहकाला दिलेला शब्द पाळता येतो, असे एकाने लिहिले आहे; ते मला अर्धेच पटते. स्वतःच्या कामाचा वेळ माणूस कमीच धरतो, हे खरे आहे. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला नावही दिले, आणि १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध पूर्ण करायला सरासरी ३४ दिवस लागतील असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात ५५ हून अधिक दिवस लागले. मात्र घरून काम करणाऱ्याचा उशीर नेहमी त्याच्या स्वतःच्या टेबलावर होतोच असे नाही.

मी भाषांतराची कामे करतो. एका माहितीपुस्तिकेच्या कामात सहा महिन्यांपूर्वी मी प्रत्येक तासाची नोंद ठेवली, तेव्हा भाषांतराला ११ तास लागले होते आणि ग्राहकाकडून तीन शब्दांचा खुलासा येण्यात नऊ दिवस गेले होते. (खुलासा शेवटी एका ओळीचा आला.) तारीख मात्र माझी चुकली, आणि ती सांभाळण्यासाठी दुसऱ्या ग्राहकाचे काम रात्री जागून उरकावे लागले. तेव्हापासून मी ठरावीक तारीख देत नाही; ‘संपूर्ण मजकूर मिळाल्यापासून कामाचे सहा दिवस, शंकांची उत्तरे येईपर्यंतचे दिवस त्यात धरलेले नाहीत’ असे कामाच्या होकारातच लिहितो. त्यावर आतापर्यंत एकाच ग्राहकाने नाराजी दाखवली, आणि खुलासे सर्वांत उशिरा पाठवणारा तोच होता.