मदत हवी आहे: पहाटेच्या धुवारीत (धुक्यात) आर्वीहून नागपूर, बाबांना डायलिसिसला न्यायचं असतं

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला शेतकरी. ट्रॅक्टर वीस वर्षं चालवला, पण कार हाती आली ती यंदाच्या दिवाळीला, तीही जुनी वॅगनआर. मंगळवारी आणि शुक्रवारी बाबांचं डायलिसिस असतं, नागपुरात, सकाळी आठचा नंबर. म्हणजे घरून पावणेपाचला निघणं आलं. तळेगाव, कारंजा, कोंढाळी, वाडी असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता. पहिल्या खेपा बऱ्या गेल्या. आता धुवारी पडायला लागली.

गेल्या शुक्रवारी थोडक्यात वाचलो. तळेगावच्या अलीकडे नाल्याजवळ काहीच दिसेना, म्हणून मी मोठा लाईट मारला. तर समोर कोणी धोतर वाळत टाकल्यासारखं झालं, होतं तेवढंही दिसेनासं. अन् त्या धोतरातून एकदम कापूस! जिनिंगला निघालेली ट्रॉली, चाक पंक्चर, रस्त्यातच उभी. मागे लाईट नाही, रेडियम नाही. ट्रॉलीवाला शेजारीच शेकोटी करून बसला होता (कापसाच्या शेजारी शेकोटी, आता काय बोलावं). गाडी हातभर अंतरावर थांबली. बाबा मागच्या सीटवर झोपले होते. धक्क्यानं जागे झाले अन् म्हणाले, "आलं का नागपूर?"

तेव्हापासून सोमवारी अन् गुरुवारी रात्री झोप लागत नाही. ट्रॉल्या-बंड्या तर आहेतच, शिवाय रोही (नीलगाई) आडवे येतात, रानडुकरं येतात. शेतीच्या पंपाला रात्रीची लाईन असली की ओलीत करून परतणारी माणसं काळं घोंगडं पांघरून रस्त्याच्या कडेनं चालत असतात, ती तर दिसतच नाहीत. मेकॅनिक म्हणतो पिवळे फॉग लाईट बसवा. फायदा होतो का? दुसरं म्हणजे समोरची काच आतून सारखी धूसर होते. डायलिसिसमुळे बाबांना थंडी सोसत नाही, त्यामुळे खिडकी उघडता येत नाही. आई मागून हात लांबवून फडक्यानं पुसते, तेवढ्यापुरतं दिसतं. आणि वाडी आली की ट्रान्सपोर्टचे ट्रक, दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या दुचाक्या, तिथं माझे हातपाय गळतात. काय करावं?

प्रतिसाद १
दादा, काचेचं आधी. तिघांचा श्वास गरम अन् ओला, काच थंडगार, म्हणून वाफ धरते. एसी चालू करा अन् तापमानाचं बटण गरमकडे फिरवा. एसी हवेतला ओलावा काढतो, बाबांना गारवाही लागत नाही. हवेचा झोत काचेवर सोडा. आतलीच हवा फिरवायचं बटण बंद ठेवा, नाहीतर ओलावा आतच राहतो. काच आतून स्वच्छ असली की वाफ कमी धरते, तेव्हा आदल्या दिवशीच पुसून ठेवा. आईंचं फडकं सुटेल.

प्रतिसाद २
पिवळ्या-पांढऱ्यानं फार फरक पडत नाही. फॉग लाईट खाली, बंपरमध्ये बसतो अन् उजेड रस्त्यावर पसरट पाडतो, फायदा त्याचा. मोठा लाईट धुवारीच्या थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. लहान लाईट ठेवा. पण खरा उपाय वेग. ६० च्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, ४० नं ११ मीटर. ब्रेकवर पाय जायच्या आधीच एवढं अंतर गेलेलं असतं. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठं वळणार ते मागच्याला कळत नाही.

प्रतिसाद ३
भाऊ, मी तीस वर्षं ट्रक चालवला, मले इचारा. धुवारीत पुढच्या ट्रकच्या लाल लाईटले धरून चालू नका. तो गड्ड्यात गेला तर तुमी बी जाता. एक रोही गेला म्हून लगेच गाडी दाबू नका, त्याच्या मांगं आणखी असतेत. लईच दाटली तर हायवेवर मधातच उभं राहू नका, ढाब्यावर घ्या, चहा प्या. डायलिसिसवाल्याले चहा-पाणी मोजूनच असते, म्हून बाबूजीच्या घोटाचं माप डॉक्टरले इचारून. हायवेवर गाडी फसली तर हायवेच्या मदतीचा फोन नंबर १०३३ लावा.

प्रतिसाद ४
मी नागपुरातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये काम करते. तुम्ही वाटेचं विचारताय, वेळेचं कोणी विचारलंच नाही. आठचाच नंबर हवा असं कुठं आहे? बहुतेक ठिकाणी दिवसातून दोन-तीन पाळ्या असतात. दुपारची मागा. लांबून येतो, धुवारी असते, असं स्पष्ट सांगा. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण नाव लावून ठेवा. साडेनऊला निघालात तर धुवारी विरलेली असते. वाडीत मात्र गर्दी राहीलच, तिथं डावी बाजू धरून सावकाश चला, मागचे हॉर्न वाजवू देत.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. एसीचं काम झालं, आई खूश. नंबराचं विचारलं. दुपारच्या पाळीत संक्रांतीनंतर जागा होईल म्हणतात. तोवर आदल्या संध्याकाळी वाडीला मावसभावाकडे मुक्काम करणार. बाबांना ते पटलेलं नाही, रात्री गोठ्यावर कोण पाहील म्हणतात.

खरं सांगायचं तर त्या ट्रॉलीवाल्याला मी लई शिव्या दिल्या होत्या. काल आमची स्वतःची ट्रॉली पाहिली. मागे काहीच नाही. मग आर्वीहून रेडियमची पट्टी आणली, मागे लाल, बाजूला पिवळी. उरलेल्या पट्टीचा तुकडा बैलांच्या शिंगांना लावायचा विचार आहे. कोणी लावून पाहिलाय का? रात्री चमकल्यावर जोडीतला दुसरा बैल बुजतो का?