मदत हवी आहे: नवं वायपर ब्लेड खाली येताना थडथडतं

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत राहतो. वडिलांच्या तपासणीसाठी आंबा घाटातून कोल्हापूरला वरचेवर जावं लागतं. पावसाळ्यात साखरपा सोडल्यापासून मलकापूर येईपर्यंत वायपरला उसंत नसते, आणि नेमका तिथेच तो त्रास देतोय.

जूनच्या तोंडावर दोन्ही ब्लेडं बदलली. जुन्यांचं रबर उन्हाने कडक होऊन टोकाला चिरलं होतं. नवी ब्लेडं फ्लॅट प्रकारची आहेत, माप जुन्यांचंच, हूकही नीट बसलाय. चालकाच्या बाजूचं ब्लेड वर जाताना काच स्वच्छ पुसतं, खाली येताना मात्र थडथड उड्या मारतं आणि मागे पाण्याचे पट्टे सोडतं. मुसळधार पावसात हे फारसं जाणवत नाही, भुरभुर लागली की वाढतं. डावीकडच्या ब्लेडाची काहीच तक्रार नाही.

शिवाय रात्री समोरून ट्रकचे दिवे आले की काचेवर तेलकट झाक दिसते. साबणाच्या पाण्याने ती जात नाही. मागच्या सर्व्हिसिंगला काचेवर पाणी न ठरणारं कोटिंग मारलं होतं, ते आता ठिकठिकाणी उडालंय. गॅरेजवाले म्हणतात ब्लेडच खराब आलं, दुसरं घ्या. मला ते पटत नाही. ब्लेडच खराब असतं तर वर जातानाही थडथडलं असतं.

एकाच दिशेला थडथड का होते? कोटिंग काढावं का, आणि काचेला ओरखडे न पडता कशाने? वडील सोबत असताना घाटात समोरचं धूसर दिसणं मला चालणार नाही, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

तुमची शंका बरोबर आहे, आधी ब्लेड धरणारी वायपरची दांडी बघा. फेरी संपली की रबराची धार उलटून दुसऱ्या अंगावर कलते आणि काचेवरून ओढली जाते. दांडीला पीळ बसला असेल तर एका दिशेला ती ओढली न जाता ढकलली जाते. मग अडकते, सुटते, पुन्हा अडकते. हीच थडथड. गाडी धुताना फडकं अडकून किंवा दांडी जोरात ओढली जाऊनही असा पीळ बसतो.

वायपर काचेच्या मधोमध आला की इग्निशन बंद करा. काचेवर जाड टॉवेल घाला आणि मगच ब्लेड काढा, कारण उघडी दांडी स्प्रिंगच्या जोराने आपटली तर काच तडकते. आता दांडी टॉवेलवर हलकेच टेकवा. तिच्या टोकाचा चपटा भाग काचेला समांतर दिसायला हवा. तिरका दिसला तर पीळ आहे. तो काढायला दोन पाने लागतात, एकाने दांडी धरायची आणि दुसऱ्याने टोक किंचित वळवायचं. हात बसलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रतिसाद २

वरचं पटलं, पण काचही साफ कराच. अर्धवट उडालेल्या कोटिंगवर रबर कुठे घसरतं, कुठे चिकटतं, आणि कमी पावसात ते जास्त जाणवतं. डिझेलच्या धुराचा तवंग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मायक्रोफायबरच्या फडक्याने निघतो. कोटिंग मात्र त्याने पुरतं निघेलच असं नाही. त्याला काचेसाठीची सिरियम ऑक्साइडची पॉलिश लागते. ती ओल्या स्पंजने फिरवा, मध्ये सुकू देऊ नका, नंतर भरपूर पाण्याने धुवा. मग काचेवर पाणी ओतून बघा. थेंब न होता सलग पसरलं तर काच स्वच्छ झाली.

रबर फक्त ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावलंत तर ते खराब होईल. वॉशरच्या टाकीत कपड्यांच्या साबणाचं पाणी घालू नका, त्याचाही थर काचेवर बसतो. कोरड्या धुळीवर वायपर तर कधीच फिरवू नका, आधी वॉशर मारा.

आणि एक विचारतो, ती झाक आतल्या बाजूला तर नाही ना? एसी लावल्यावर ती कमी होत असेल तर आतून वाफ धरतेय. वायपर कितीही चांगला असला तरी ती पुसणार नाही.