छोट्या विमानातून मोठ्या एअरलाइनकडे : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरातले. लेक चार वर्षं एका छोट्या एअरलाइनमध्ये एटीआर-७२ या पंख्याच्या छोट्या विमानावर फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे, साधारण २,६०० तास झालेत, एटीपीएलचे (कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सचे) पेपर निघालेत. आणि आता झालंय असं की एका मोठ्या एअरलाइनकडून ए-३२० या एअरबसच्या मोठ्या जेटसाठी को-पायलट म्हणून बोलावणं आलंय आणि त्याच आठवड्यात तिच्या स्वतःच्या कंपनीने कमांड ट्रेनिंगच्या यादीत तिचं नाव घातलंय. म्हणजे एटीआरवर कॅप्टन व्हायचं की एअरबसवर पुन्हा उजव्या, को-पायलटच्या सीटवर बसायचं. महिनाभरात कळवायचंय.

हे आणि मी दोघं बँकेतून रिटायर झालेलो, घरात या क्षेत्रातलं कोणी नाही. ती लहान असताना हे तिला रविवारी विमानतळाजवळच्या बिजासन टेकरीवर घेऊन जायचे, देवीचं दर्शन पाच मिनिटं आणि विमानं बघणं दोन तास. तेवढंच काय ते आमचं विमानज्ञान. ती फोनवर विचारते आई तुला काय वाटतं, आणि मला काय सांगावं तेच कळत नाही. ज्यांनी हा प्रवास केलाय, किंवा घरच्या कोणी केलाय, त्यांनी मनापासून लिहा. पगाराचे आकडे नकोत, ते तिला माहीत आहेत. नंतर काय काय झालं ते हवंय.

तिलकनगर, सध्या एअरबस कॅप्टन

ताई, मी अगदी हेच केलंय म्हणून सविस्तर लिहितो. सात वर्षं एटीआर, त्यातली शेवटची अडीच कॅप्टन म्हणून, मग मोठ्या कंपनीत परत फर्स्ट ऑफिसर. खांद्यावरच्या कॅप्टनच्या चार पट्ट्या उतरवून तीन लावल्या. त्याचं दुःख पहिले दोन महिने होतं, नंतर अभ्यासच इतका पडला की आठवायला वेळ नव्हता.

लोकांना वाटतं छोटं विमान म्हणजे सोपं. उलट आहे. एटीआरमध्ये पॉवर थोडी जरी हलवली तरी पाय रडरवर (शेपटीच्या सुकाणूवर) लागतात, सत्तर-बाहत्तर सीटचं विमान पण दिवसाला सहा-सहा लँडिंग, उंची सतरा-अठरा हजार फूट म्हणजे पावसाळ्यात ढगाच्या वर नाही तर ढगाच्या पोटात. ग्राउंडवर वीज देणारं वेगळं छोटं इंजिन, एपीयू, नाही, मग उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात, त्यावरच वीज आणि एसी. प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि आम्हीही त्यांच्यातूनच चालत पुढे जातो, एखादे आजोबा हात धरून विचारतात बाळा आज हवा कशी आहे. हे एअरबसवर गेल्यावर संपलं आणि मला त्याची आठवण येते.

एअरबसवर काय अवघड गेलं तर खाली उतरणं. एटीआरला सगळी घाई चालते, पॉवर ओढली की पंखेच ब्रेकसारखे काम करतात, साठ मैलांवरून उतरायला सुरुवात केली तरी भागतं. ए-३२० ३६ हजार फुटांवर असतं, शंभर-सव्वाशे मैल आधीपासून हिशोब मांडावा लागतो आणि एकाच वेळी खालीही या आणि स्पीडही कमी करा म्हटलं तर ते ऐकत नाही. पहिल्या महिन्यात मी प्रत्येक वेळी उंच राहायचो. शिवाय साइडस्टिक, म्हणजे विमान वळवायची बाजूची छोटी दांडी, शेजारचा काय करतोय ते आपल्या हाताला कळत नाही, आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना थ्रस्ट लिव्हर हलत नाहीत, त्यामुळे इंजिन काय करतंय ते डोळ्यांनी वाचायचं, जे एटीआरला हाताला आणि कानाला आपोआप कळायचं. सिम्युलेटरमध्ये माझ्या ट्रेनरने एका कागदावर लिहून दिलं होतं, उंची गुणिले तीन, म्हणजे ३० हजार फुटाला ९० मैल. तो कागद अजून फ्लाइट बॅगेत आहे.

पण मोठ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूत मला विमानाबद्दल फारसं विचारलंच नाही. विचारलं की तुम्ही एकट्याने घेतलेला एखादा निर्णय सांगा. मी जुलैमधली एक संध्याकाळ सांगितली, दक्षिणेतलं एक छोटं फील्ड, दिसत होतं नाही दिसत होतं, एक अप्रोच (उतरायचा प्रयत्न) करून गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर, दुसरी करायचं इंधन होतं पण मी केली नाही, सरळ दुसऱ्या विमानतळाकडे डायव्हर्ट. प्रवासी उतरताना बोलले खूप. त्या दिवशी उजव्या सीटवर असतो तर मी सुचवलं असतं, ठरवलं नसतं. हा फरक मला अडीच वर्षांच्या कमांडने दिला, आणि म्हणून माझं मत आहे की कमांड घेऊन मग जावं. पण माझ्या काळी नोटीसचा नियम आजसारखा नव्हता, त्याबद्दल माहीत असलेल्याने लिहावं, कारण तिच्या बाबतीत तीच गोष्ट सगळं उलटवू शकते.

स्नेहलतागंज

नोटीसचं मी सांगते, नवरा पायलट आहे. २०१७ पासून डीजीसीएचा (सरकारच्या विमान वाहतूक खात्याचा) नियम आहे, को-पायलटला सहा महिने नोटीस आणि कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, एक वर्ष. म्हणजे ताई तुमच्या मुलीने आज कॅप्टनची सीट घेतली की त्या दिवसापासून बाहेर पडायला सहाचे बारा महिने झाले, आणि कमांड ट्रेनिंगचा बाँड असेल तर तो वेगळा. मोठी एअरलाइन वर्षभर कोणासाठी सीट राखून ठेवत नाही. आमच्याकडे तेच झालं. ह्यांना कमांड मिळाल्यावर पाच महिन्यांनी पत्र आलं, राजीनामा दिला, वर्ष संपेपर्यंत तिकडची भरती थांबली होती, इकडे राजीनामा मागे घ्यावा लागला आणि त्यानंतर कंपनीत ह्यांच्याशी कोणी नीट बोलत नव्हतं. दोन वर्षं गेली त्यात.

दुसरं, बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर. इंदूर बेस मिळेल या आशेवर कोणी जाऊ नये. हे हैदराबादला, मी सासू-सासऱ्यांसोबत इथे, पहाटे साडेतीनला पिकअप म्हणून रात्री नऊला फोन बंद, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉल. जुने कपाट आवरताना ह्यांच्या चार पट्ट्यांचे खांद्यावरचे एपोलेट सापडले, सासूबाईंनी रुमालात गुंडाळून दागिन्यांच्या डब्यात ठेवले होते.

रामबागेतला, आता टेक्सास

इथे अमेरिकेत रिजनल (छोटी एअरलाइन) ते मेजर (मोठी) हा अगदी ठरलेला रस्ता आहे म्हणून लिहितोय, भारतात तंतोतंत लागू होणार नाही. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं क्यू-४०० बफेलोजवळ पडलं, ५० माणसं गेली, त्यानंतर २०१० ला कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही १,५०० तास लागतात. म्हणजे भारतात जे २०० तासांवर सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) घेऊन एअरलाइनच्या उजव्या सीटवर बसता येतं ते इथे नाही. (त्या विमानातल्या दोन्ही पायलटचे तास १,५०० पेक्षा जास्त होते, हेही खरं आहे, आणि यावर इथे अजून वाद चालतो.) मग बाकीचे तास कसे भरायचे तर इन्स्ट्रक्टर होऊन. मी टेक्सासच्या उन्हात दोन सीटच्या सेसनात पावणेदोन वर्षं शिकवलं, मग रिजनलमध्ये ७६ सीटचं एम्ब्रेअर-१७५. ७६ का, तर मेजर एअरलाइनच्या पायलट युनियनने करारातच लिहून घेतलंय की रिजनलने यापेक्षा मोठं विमान उडवायचं नाही.

काकू, मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती म्हणजे तारीख. इथे सगळं सिनियॉरिटी नंबरवर. कोणतं विमान, कोणता बेस, कॅप्टन कधी, दिवाळीला सुट्टी की नाही, सगळं. कंपनी बदलली की तुम्ही कितीही अनुभवी असा, यादीत सगळ्यात खाली. मला मेजरने एका महिन्यानंतरच्या क्लासची तारीख दिली होती, मी म्हटलं पुढचा क्लास द्या, घर बदलत होतो, फर्निचर यायचं होतं. दीड महिना. तेवढ्यात माझ्यापुढे दोन बॅच निघून गेल्या. त्या बॅचमधला माझा मित्र, आम्ही रिजनलमध्ये एकाच दिवशी लागलेलो, तो गेल्या वर्षी कॅप्टन झाला, मी अजून रिझर्व्हवर, ऐनवेळी बोलावतील म्हणून फोन उशाशी घेऊन झोपतो. त्या फर्निचरमधला सोफा रोज दिसतो मला.

मी भारतातल्या मित्रांना विचारलं, बऱ्याच ठिकाणी कमांडची रांगही जॉइनिंगच्या तारखेनेच लागते. ६५ ला उतरायचंच असतं सगळ्यांना, त्यामुळे जितकी लवकर रांगेत तितकी वर्षं वरच्या टोकाला.

नाव नको, एमआयजी कॉलनी

वरच्या सगळ्यांचं पटतंय पण मी दुसरी बाजू लिहितो. मी एटीआर सोडून घाईने नव्या मोठ्या वाटणाऱ्या कंपनीत गेलो. टाइप रेटिंगसाठी, म्हणजे त्या विमानाच्या खास परवान्याच्या ट्रेनिंगसाठी, बाबांनी प्लॉट विकला. वर्षभरात पगार उशिरा यायला लागले, मग अर्धे, मग कंपनीच बसली. माझे चार महिन्यांचे पैसे अजून यायचेत आणि येतील असं वाटत नाही.

ताई, कंपनीचं नाव मोठं आहे की नाही ते बघू नका, हे बघा की विमानं वेळेवर येतायत का, किती विमानं जमिनीवर उभी आहेत, लीजवाले (विमानं भाड्याने देणारे) विमानं परत मागतायत का, जुने ट्रेनर कॅप्टन सोडून चाललेत का. ट्रेनर सोडायला लागले की समजा. आपल्या देशात २०१२ ला किंगफिशर थांबली, २०१९ ला जेट, २०२३ ला गो फर्स्ट, तेव्हा हा मुद्दा काल्पनिक नाहीये. दुसरीकडे २०२३ मध्येच एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डर दिल्या, आणि त्यांना पायलट लागणारच आहेत.

मला कशाने वाचवलं, तर जुन्या रेटिंगने. एटीआरचं रेटिंग लॅप्स झालं होतं पण रिफ्रेशर आणि सिम्युलेटर चेक करून परत जिवंत करता आलं आणि एका छोट्या कंपनीने घेतलं. आज त्याच कंपनीत कॅप्टन आहे, मजेत आहे, आणि खरं सांगतो, आता मोठीकडे जायचं मनातही येत नाही. छोट्या गावांना जातो, महिन्यातून दोनदा तरी इंदूरला रात्रीचा मुक्काम पडतो, सकाळी घरचे पोहे खाऊन ड्यूटीवर.

फ्लाइंग क्लबात शिकवायचो, रिटायर्ड

कमांड की एअरबस यावर मी बोलणार नाही, मी एअरलाइनमध्ये कधी नव्हतो. लॉगबुकबद्दल बोलतो. किती मुलं मी पाहिली, उडवतात सुंदर आणि लॉगबुक म्हणजे नुसता गोंधळ. मोठ्या एअरलाइनचे लोक पहिल्यांदा तेच उघडतात. प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानावर नेलेली पाहिजे, रात्रीचे तास वेगळे, इन्स्ट्रुमेंट वेगळे, पीआयसी (स्वतः प्रमुख पायलट असतानाचे) वेगळे, चुकलं तर एक सरळ रेघ मारून वर सही, खाडाखोड नाही. आणि डीजीसीएच्या ऑनलाइन ईजीसीएमध्ये भरलेले तास कागदाशी जुळले पाहिजेत. बेटीला सांगा एक रविवार बसून सगळ्या बेरजा पुन्हा कर. माझ्या एका विद्यार्थ्याचं अडीच तासांचा हिशोब लागत नव्हता म्हणून जॉइनिंग तीन आठवडे लांबलं. तारखेचं महत्त्व वर लिहिलंच आहे कोणीतरी.

सुदामा नगर, सीपीएल, सध्या घरीच

काकू मी तर अजून पहिल्याच पायरीवर आहे, २१० तास, सव्वा वर्ष झालं, सगळीकडे अर्ज टाकलेत. तुमची मुलगी पुढे गेली तर तिची एटीआरची जागा रिकामी होईल आणि कोणीतरी माझ्यासारखं तिथे बसेल, एवढंच लिहायचं होतं. तिला शुभेच्छा. ती सिम्युलेटरची तयारी कशी करायची यावर काही सांगेल का?

पुन्हा मी, लोकमान्य नगर

सगळ्यांचे खूप खूप आभार. कालची तिची नाइट हॉल्ट होती, हॉटेलमधून फोन लावला आणि मी एकेक करून सगळं वाचून दाखवलं. हे शेजारी बसून ऐकत होते. तिलकनगरच्या एअरबस कॅप्टन भाऊंचा जुलैच्या संध्याकाळचा भाग आला तेव्हा ती म्हणाली परत वाच. टेक्सासच्या दादांच्या सोफ्यावर पण ती बराच वेळ गप्प होती.

नोटीसचा नियम तिला माहीत होता, पण कमांडचं पत्र हातात असताना बारा महिन्यांचा विचार तिने केला नव्हता असं ती स्वतःच म्हणाली. तिने मोठ्या कंपनीच्या एचआरला मेल करून विचारलं की कमांड घेऊन पुढच्या वर्षी येऊ का, त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सहा महिन्यांत येत असाल तर जागा आहे, पुढच्या वर्षीचं आज सांगता येत नाही. मग तिने आपल्या चीफ पायलटना फोन केला, ते चांगले गृहस्थ आहेत, म्हणाले मीही तुझ्या जागी असतो तर गेलो असतो. सोमवारी तिने राजीनामा दिला.

कॅप्टन व्हायचं राहिलं याचं तिला वाईट वाटतंय, ते मी लपवत नाही. ट्रेनिंगच्या यादीतलं स्वतःच्या नावाचं पान तिने मोबाइलमध्ये ठेवलंय. सुदामा नगरच्या मुला, ती तुला सिम्युलेटरबद्दल लिहिणार आहे, तिची वही शोधतेय, इंजिन फेल झाल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं ते तिने रंगीत पेनांनी लिहिलेलं होतं, ती वही इथेच माळ्यावर आहे बहुतेक, हे उद्या शिडी लावून बघतील.

नोटीसचे सहा महिने ती एटीआरच उडवणार आहे. गुरुवारी संध्याकाळची इंदूरची फ्लाइट तिच्याकडे आहे, आम्ही दोघं बिजासनवर जाऊन उभे राहू.