पहिल्या वेताची मेंढी जुळ्यांपैकी एकच कोकरू का स्वीकारते?

प्रश्न : नागपूरजवळ हिंगण्याला आमच्या दख्खनी मेंढ्या आहेत. पहिल्या वेताची मेंढी काल जुळी व्याली. एका कोकराला ती चाटते, दुसऱ्याला मात्र ढुशी देऊन कासेपासून हाकलते. हा जातीचा गुण समजावा काय?

उत्तर : जातीपेक्षा वेताचा भाग मोठा आहे; पहिल्यांदा व्यालेल्या मेंढीला अनुभव नसतो. व्याल्यावर पाणमोटेच्या (गर्भाभोवतीच्या पिशवीच्या) पाण्याचा वास मेंढीला कोकराकडे ओढतो आणि पहिल्या काही तासांत, चाटताचाटता, ती आपल्या कोकराचा वास ओळखू लागते. त्या वेळी दुसरे कोकरू दूर राहिले, तर ते तिला परकेच वाटते. दोघांसह तिला वेगळ्या लहान जागेत कोंडावे आणि तिला धरून दुसऱ्या कोकराला दूध पाजावे.

दुसरे उत्तर : जातीचाही वाटा आहेच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील ब्लॅकफेस मेंढ्या सफोक जातीपेक्षा कोकरांना अधिक चाटतात, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे. मेरिनो जातीची मेंढी कळपाला घट्ट धरून राहते, म्हणून व्याल्याची जागा लवकर सोडते आणि जुळ्यांतले एखादे मागे राहते. ब्लॅकफेस मात्र चरताना पांगतात. मेरिनोचा हाकायला सोयीचा गुण बाळंतपणात असा आड येतो!

प्रश्नकर्ता : हाकललेल्या कोकराच्या अंगाला पाणमोटेचे पाणी आता चोळावे काय?

उत्तर : ते ताजे असतानाच कामाचे. आता कोंडणेच बरे.