युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत रविवारचे कार्यक्रम, हवेत की नकोत?

गिरगावकरीण: परवाच्या रविवारी लेकीला घेऊन एका लायब्ररीत मोडी लिपीच्या वर्कशॉपला गेलेले (नाव नाही लिहीत, उगाच वाद). बोरू, दौत सगळं तिथलंच. मोडीत आधी पानभर रेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवायची हे ऐकून पोरगी म्हणाली, आमच्या बाई तर उलटं शिकवतात! शेजारचे आजोबा घरचा जुना दस्त घेऊन आलेले, तासभर खपून त्यातलं एक गावाचं नाव लागलं तर डोळ्यात पाणी. बाहेर पडताना दारात दोन पोरं उभी, "आज पण वाचनाचा हॉल बंद?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तरी माझं मत, दर महिन्याला व्हायला हवं हे.

सीट_नंबर_१४: त्या दोघांतलाच एक समजा मला. लालबागला दहा बाय बाराची खोली, माणसं पाच, टीव्ही एक आणि तो कायम चालू. शनिवारपर्यंत नोकरी, सेटचा (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) अभ्यास होतो तो रविवारीच, आणि त्याच दिवशी तुम्हाला बोरू सुचतो. तुमची दोन तासांची मजा, आमचा आठवडा गेला.

ओव्हलचा_कट्टा: अरे पण लायब्ररी काय फक्त परीक्षावाल्यांची आहे का? मुंबई युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर घ्या. प्रेमचंद रायचंद कापसाचे व्यापारी, त्यांनी 2 लाख दिले आणि आईचं नाव लावायला सांगितलं, 1878 ला काम पुरं झालं. 2018 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. आपण मात्र जन्मभर मैदानातून मान वर करून किती वाजले तेवढंच बघतो, घड्याळाखालच्या लायब्ररीच्या रंगीत काचा आतून किती जणांनी पाहिल्यात?

निवृत्त_ग्रंथपाल: काचा बघायला जरूर या, पण खुर्च्या कोण उचलतं ते पण बघा. माझ्या वेळी प्रदर्शन म्हटलं की दोन शिपाई, एक मी, आणि पाहुण्यांचे चहाचे कप थेट शोकेसच्या काचेवर. मुंबईची दमट हवा, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, बाइंडिंगला पैसे मागितले की फाइल फिरत राहायची, उद्घाटनाच्या हारतुऱ्यांना मात्र कधी कमी पडले नाहीत. राग कार्यक्रमाचा नाही हो, त्या हारांचा आहे.

सीट_नंबर_१४: +१. आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ती म्युझियम ऑन व्हील्स, म्हणजे फिरत्या प्रदर्शनाची बस बघा, थेट शाळेच्या दारात जाते, कुणाला खुर्चीवरून उठवत नाही. तसं करा ना.

गिरगावकरीण: चहाचं शंभर टक्के मान्य. पण बसमध्ये आजोबांचा दस्त कोण वाचून देणार? त्याला जाणकार माणूस आणि शांत टेबलच लागतं. हां, वाचनाचा हॉल सोडून वर्ग वापरता आले असते, रविवारी ते रिकामेच असतात, हे तिथे विचारायला हवं होतं मी.

सीट_नंबर_१४: वर्गात घ्या, मग माझं काही म्हणणं नाही. बाकी आमच्याकडे पण गावी पत्र्याच्या पेटीत असला एक कागद आहे. घडीवर फाटलाय, लॅमिनेट करून आणू का?

निवृत्त_ग्रंथपाल: लॅमिनेट अजिबात नको!! सेलोटेप पण नको. सपाट ठेवून मोठ्या पाकिटात घालून आण, आणि पावसात आणू नकोस.